पुढचा घाणा कधी?

वाचक विचारतात : सकाळचा नाश्ता, बाहेरचा

या वेळी पत्रं धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत आणि मायने गाळले आहेत. उत्तरं नाश्ता सेंटर चालवणारे, आचारी आणि आहारतज्ज्ञ यांच्याकडून घेतली आहेत.

प्रश्न : नोकरीनिमित्त जळगावात आलो आहे. ऑफिसच्या वाटेवर एकाच लोटगाडीवर पोहे खातो. कधी मऊ, मोकळे मिळतात, कधी अगदी वातड. माणूस तोच, कढई तीच, मग असं का? – एक वाचक, जळगाव

माणूस तोच आहे, पण तुम्ही रोज त्याच वेळी पोचत नसणार. पोह्यांची चव पातेलं उतरल्यापासून अर्धा-पाऊण तास टिकते. नंतर ते फक्त पोट भरतात.

गाडीवर एका वेळी तीन-चार किलो पोहे होतात. जाड पोहे चाळणीत घालून वरून पाणी ओततात आणि निथळून दहाएक मिनिटं ठेवतात. दाणा बोटांत दाबला की सहज मोडला पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये. मग फोडणी, परतणं, झाकण ठेवून एक वाफ. इथपर्यंत बहुतेकांचं काम बरं असतं. बिघडतं ते यानंतर. गरम राहावेत म्हणून कढई मंद आचेवरच ठेवली, तर तळाचे पोहे सुकत जातात. गिऱ्हाइकाला वरचे मिळतात आणि तळाचे तिथेच बसतात. तासाभराने ते वातड झाले की त्यांवर पाण्याचा हबका मारून झाकण घालतात. त्या पाण्याने पोहे वरून ओले, चिकट होतात आणि आत कडकच राहतात. काही गाडीवाले पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यावर ठेवतात. तिथे बराच वेळ निभावतं, कारण खालून येते ती वाफ, जाळ नव्हे.

प्लेट हातात आली की आधी शेंगदाणा चावून पाहा. कुरकुरीत लागला तर पोहे ताजे, मऊ पडला असेल तर पातेलं उतरून बराच वेळ झालेला. शेव वेगळी मागा. वर मूठभर शेव आणि कोथिंबीर आली की खालचं काही दिसत नाही.

आणि ‘गरम शे का?’ (गरम आहे का?) असं विचारू नका. त्याला ‘हो’ याखेरीज दुसरं उत्तर कुणी देत नाही. ‘पुढचं पातेलं कधी उतरणार?’ असं विचारा. पाच मिनिटं म्हणाला तर थांबा. अर्धा तास म्हणाला तर त्या दिवशी दुसरं काही खा.

प्रश्न : मिरचीची भजी आणि पाववडा खाल्ला की दुपारपर्यंत छातीत जळजळ. घरच्या भज्यांनी असं होत नाही. तेल जुनं आहे हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? – एक वाचक, अमळनेर

नुसत्या रंगावर जाऊ नका. हळद, तिखट आणि बेसनाचा चुरा यांनी चांगलं तेलही दोन घाण्यांत गडद होतं. चार गोष्टी पाहा. कढईत काही नसतानाही तेलावर बारीक फेस टिकून राहतो का? भजी टाकल्यावर बुडबुडे येतात, ते पाण्याचे असतात आणि लगेच फुटतात; जुन्या तेलाचा फेस साबणासारखा बसून राहतो. आच बेताची असूनही धूर निघतो का? झाऱ्यावरून तेल थेंबाथेंबाने न गळता तार धरून, दाट होऊन ओघळतं का? आणि कढईच्या कडेला लाखेसारखा चिकट, तपकिरी थर आहे का? चारांपैकी दोन दिसल्या तरी पुढे चला.

तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात नको ते घटक साठत जातात. मोजण्याची एक खूण ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ ही आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल खाद्यपदार्थासाठी वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र मिळतं, पण लोटगाडीवर कुठून येणार? म्हणून डोळ्यांवरच भिस्त. तेल लवकर खराब व्हायचं मुख्य कारण म्हणजे तळाशी जळत राहिलेला चुरा. दर घाण्यानंतर जो जाळीच्या झाऱ्याने चुरा काढतो, त्याचं तेल जास्त टिकतं. कालच्या उरलेल्या तेलात आजचं नवं ओतलं की जुन्याची खोड नव्याला लवकर लागते. बचत वाटते, पण सगळी कढई जाते.

जळजळीला तेलाइतकाच सोडाही कारणीभूत असतो. भजं मोडून पाहा. आत पिवळ्याऐवजी तांबूस, विटकरी ठिपके दिसले तर सोडा जास्त. हळद सोड्याशी लागली की लाल होते, त्याचेच ते ठिपके. असं भजं जिभेवर शेवटी साबणासारखं लागतं आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडून तेल पितं. नीट केलेल्या भज्यात सोडा चिमूटभर असतो, बाकीचा हलकेपणा दाटसर भिजवलेल्या पिठातून आणि त्यात घातलेल्या चमचाभर कडकडीत तेलाच्या मोहनातून येतो.

राहिला गर्दीचा प्रश्न. आठच्या सुमाराला गिऱ्हाइकं ओळीने उभी असतात तेव्हा कढईत दहाऐवजी वीस भजी पडतात. तेलाचा ताव एकदम उतरतो, भजं वरून पापुद्रा धरण्याआधीच तेल शोषतं. कागदावर ठेवल्यावर रुपयाएवढा डाग पडला तर ठीक. कागद आरपार दिसू लागला तर भजी गार तेलात तळलेली आहेत.

प्रश्न : वडलांच्या पंचाहत्तरीला सकाळी नऊ वाजता चाळीस माणसांना शेतात भरीत-पुरी द्यायची आहे. आचारी म्हणतो पंधरा किलो वांगी लागतील. खरंच इतकी लागतात का? – एक वाचक, भुसावळ

भरीत-पुरी हेच एकमेव जेवण असेल तर पंधरा किलो पटतात. न्याहारीला दहा किलो पुरतात. भाजून, साल आणि देठ काढून वांग्याचा गर पासष्ट टक्क्यांच्या आसपास उरतो, म्हणजे दहा किलोचा साडेसहा किलो. त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, तेल मिळून नऊ किलोच्या आसपास भरीत होतं आणि माणशी सव्वादोनशे ग्रॅम येतं. शेतातली हवा लक्षात घेऊन एक किलो वाढवा, पंधरावर जाऊ नका.

खरेदी स्वतः करा. भरताचं वांगं हिरवट, पांढरट रेघांचं, लांबट आणि आकाराच्या मानाने हलकं हवं. हातात जड लागलं तर आत बी भरलेलं आहे. ते भरतात कचकच लागतं आणि कडवटपणाही आणतं. बामणोदकडची वांगी भुसावळच्या बाजारात येतात, ती मिळाली तर उत्तम. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या नावाखाली काहीही विकलं जातं, म्हणून नावापेक्षा वजन पाहा. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानंतर ते सुरू होतं. तुमची तारीख त्याच्या आधीची असेल तर पाहुण्यांत असं कोण आहे ते विचारून घ्या.

दहा किलो वांग्यांना हिरव्या मिरच्या ५०० ग्रॅम (लवंगी असेल तर ३५०), लसूण २५० ग्रॅम, कांद्याची पात दीड किलो, शेंगदाणे २५० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप २०० ग्रॅम, कोथिंबिरीच्या चार मोठ्या जुड्या, तेल पाऊण ते एक लिटर आणि मीठ ८० ते ९० ग्रॅम धरा. पुऱ्या माणशी पाच म्हटलं तर दोनशे. एक किलो कणकेच्या ४५ ते ५० पुऱ्या होतात, म्हणजे साडेचार किलो कणीक. कळण्याच्या पुऱ्या करणार असाल (ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं ते कळण्याचं पीठ) तर माणशी तीन पुरतात. त्या जड असतात आणि हातावर थापाव्या लागतात, त्यामुळे माणसंही जास्त लागतात.

चुका कुठे होतात? कपाशीच्या पऱ्हाट्यांवर (वाळलेल्या काड्यांवर) वांगी भाजताना ती आधी दोन-तीन ठिकाणी टोचली नाहीत तर फुटतात. देठाजवळचा भाग कच्चा राहिला तर अख्ख्या भरताला हिरवट वास येतो. देठाशी काडी खुपसा, लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. साल काढायला वांगं नळाखाली धरू नका. धुराची चव त्या पाण्यात जाते, आणि या न्याहारीत तीच तर खरी चीज. बोटं वाटीतल्या पाण्यात बुडवून साल काढा. सोललेली वांगी चाळणीत दहा मिनिटं ठेवून सुटलेलं पाणी टाकून द्या, नाही तर भरीत पातळ होतं आणि आचारी ते आटवत बसतो. गर लाकडी भांड्यात बडवूनच ठेचायचा. मिक्सरमधून त्याची लापशी होते.

फोडणीत ठेचलेली मिरची-लसूण कच्चा वास जाईपर्यंत परतायची, पात मात्र शेवटी घालून अर्धा मिनिट. मीठ सगळ्यांत शेवटी, कारण आधी घातलं की पुन्हा पाणी सुटतं.

वेळेचा हिशोब : वांगी सहाला जाळावर, सातला सोलून तयार, साडेआठला फोडणी. पुऱ्यांसाठी कढया दोन ठेवा. एका कढईत मिनिटाला पाच पुऱ्या धरल्या तर दोनशेला चाळीस मिनिटं लागतात, आणि शेवटच्या पंगतीचे लोक तोवर नुसतं भरीत खाऊन संपवतात.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली आहे. डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितलं. सुट्टीत गावी गेलो की सगळे नाश्त्याला बाहेर नेतात. पोह्यांतले दाणे काढून दिले तर चालेल का? – एक आई, मूळ चोपडा

नाही. दाणा काढला तरी तो ज्या तेलात तळला ते तेल पोह्यांत आहेच.

खानदेशात बाहेर खाताना शेंगदाणा कुठे कुठे लपतो ते लिहून ठेवा आणि मामा-आजोबांनाही द्या : साबुदाणा खिचडी आणि वडा (कूट), भरीत, भेळ-भत्ता, मिसळीचा रस्सा (दाटपणासाठी कूट), इडली-डोशाची चटणी (नारळ महाग म्हणून दाणे किंवा फुटाणे), वड्याबरोबरची लाल सुकी चटणी, आणि दाण्याच्या तेलात तळलेली शेव. लाकडी घाण्याचं न गाळलेलं तेल जास्त सांभाळण्यासारखं आहे. रिफाइंड तेलात शेंगदाण्याचं प्रथिन जवळजवळ उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात राहतं. आज त्याच तेलाची पाटी दुकानावर अभिमानाने लावलेली असते आणि इतरांना ते चांगलंच, पण तुमच्या मुलासाठी ती पाटी म्हणजे पुढे जाण्याची खूण.

‘यात दाणे आहेत का?’ एवढं विचारून भागत नाही. वाढणारा पोऱ्या ‘नाही’ म्हणतो, कारण वर दिसत नाहीत. आचाऱ्याला विचारा : तेल कोणतं, चटणी कशाची, झारा वेगळा आहे का. उत्तर देताना तो अडखळला तर मुलाला घरून आणलेला डबा द्या. आपण सोललेलं केळं, घरच्या डब्यातली चटणी आणि दाण्याचं तेल न लागलेली इडली, कवचासकट उकडलेलं अंडं, दूध ही बाहेरची त्यातल्या त्यात निर्धास्त न्याहारी. ओठ किंवा जीभ सुजणं, अंगावर एकदम पित्त उठून उलटी होणं, आवाज बसणं, श्वास लागणं यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलेलं असेल तर ते लगेच द्या, १०८ ला फोन करा आणि सरळ रुग्णालय गाठा.

प्रश्न : बिलावर जीएसटी आणि वर ‘सर्व्हिस चार्ज’ही लावला. द्यायचा का? – एक वाचक, धुळे

जीएसटी रेस्टॉरंटला ५ टक्के. १८० रुपयांच्या नाश्त्यावर साडेचार रुपये केंद्राचे, साडेचार राज्याचे. मात्र बिलावर पंधरा अंकी जीएसटी क्रमांक हवा; महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. छोटी हॉटेलं अनेकदा कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी करयोजना) असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि बिलावर तसं छापावं लागतं. ‘कंपोझिशन’ असा शब्द आणि खाली जीएसटीची रक्कम एकाच बिलावर दिसली तर हटकून विचारा.

सर्व्हिस चार्ज आपखुशीचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. काढून टाका म्हणा. नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार होते.

प्रश्न : नंदुरबारला फाफडा घेतला तर कधी खुसखुशीत, कधी दातात चिवट. कढीही कधी कच्ची लागते. – एक वाचक, शहादा

फाफड्याच्या बेसनात पापडखार असतो, किलोला दहा ग्रॅमच्या आसपास, आणि शंभर-सव्वाशे मिली तेल. पीठ मळून चांगलं कुटलं, ओढलं नाही तर पाटावर हाताने रेटताना पट्टी सलग येत नाही आणि तळल्यावर चिवट होते. पट्टी जाड राहिली तरी तेच. चांगला फाफडा उजेडात धरला की मधे अर्धपारदर्शक दिसतो, कडेला बारीक फोड असतात आणि दोन बोटांत आवाज करून मोडतो. वाकला तर सकाळचा पहिला घाणा उरलेला आहे, किंवा परातीत झाकून ठेवल्याने घामेजलेला.

कढीत बेसन असतं आणि ते दहा-पंधरा मिनिटं उकळावं लागतं. गर्दीत वरून गरम पाणी आणि थोडं बेसन कालवून वाढवतात, तिथे कच्चेपणा येतो. गर्दी ओसरताना घेतलेली कढी बहुधा चांगली लागते, आटलेली असते म्हणून. फाफडा मात्र गर्दीतच घ्यावा. दोन्ही एका वेळी उत्तम मिळणं हा नशिबाचा भाग!

प्रश्न : मे महिन्यात डोशाबरोबरची खोबऱ्याची चटणी खाऊन घरातल्या तिघांना उलट्या झाल्या. पुन्हा डोसा खावा की नाही? – एक वाचक, पाचोरा

डोसा खा, चटणी पारखा. तव्यावरचा डोसा कडक तापून येतो. ओल्या खोबऱ्याची चटणी शिजत नाही, आणि आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो त्या दिवसांत ती बाहेर तीन-चार तासांतच आंबते. सकाळी सातला वाटलेली चटणी साडेदहाला खाऊ नका. आंबट वास, वर बारीक बुडबुडे, पाणी सुटून वेगळं होणं या खुणा. पण वास येण्याआधीही ती पोट बिघडवू शकते, म्हणून नाकापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवा. बर्फाच्या भांड्यात ठेवलेली, लहान वाटीत थोडी थोडी काढलेली चटणी असेल तर हरकत नाही. नाही तर उकळतं सांबार तेवढं घ्या. उन्हाळ्यात डोशाचं पीठही जास्त आंबतं. डोसा वरून फिकट, तपकिरी न होणारा आणि खाताना जिभेला आंबट टोचणारा लागला तर पीठ रात्रभर बाहेर राहिलेलं आहे.

जाता जाता ताक-लस्सीतल्या बर्फाचं. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. निळसर लादी दिसली तर पेला परत करा.

प्रश्न : वडलांना मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घेतात. रोज फिरून आल्यावर मित्रांसोबत गाडीवर नाश्ता करतात. थांबवायचं का? – एक वाचक, चाळीसगाव

मित्र थांबवू नका, प्लेट अर्धी करा. गाडीवरच्या एका प्लेटीत पासष्ट ग्रॅमच्या आसपास कोरडे पोहे असतात, म्हणजे पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं. वर चहात दोन चमचे साखर. टपरीवर साखर भांड्यातच उकळते, त्यामुळे ‘कमी साखर’ सांगून काही होत नाही. पहिलं आधण ठेवताना बिनसाखरेचा वेगळा करून मागा किंवा कोरा चहा घ्या. अर्धी प्लेट पोहे आणि मोड आलेल्या मटकीची वाटी किंवा उकडलेलं अंडं असं चालतं. मिसळ हवी तर रस्सा वरची तर्री काढून घ्यायचा, पाव एकच.

धोका खरा वेळेचा आहे. घरी इन्सुलिन टोचून फिरायला गेले, गप्पा रंगल्या आणि नाश्ता तासभर लांबला, तर साखर एकदम उतरू शकते. इन्सुलिन आधी की फिरणं आधी, हे त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज ठेवायला सांगा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं या खुणा त्या मित्रांनाही माहीत असू द्या.

प्रश्न : पुण्याहून रात्रीच्या गाडीने जळगावला उतरून अजिंठा पाहायचा आहे. नाश्ता कुठे, काय? – एक वाचक, पुणे

सोमवारी येऊ नका, लेणी बंद असतात. इतर दिवशी नऊला उघडतात. जळगावहून अंतर साधारण साठ किलोमीटर. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवून पुढे बसने जावं लागतं, त्यानंतर चढ आणि भरपूर चालणं. म्हणून नाश्ता जळगावातच सात-साडेसातला उरकून निघा. त्या वेळी पोहे, कचोरी, समोसा यांचे पहिले घाणे निघालेले असतात. तर्रीदार मिसळ परतीच्या दिवसासाठी ठेवा. तहान लागते आणि लेण्यांत खायला-प्यायला बसता येत नाही. सोबत केळी घ्या. हिवाळ्यात आलात तर भरीत-पुरी सोडू नका, उन्हाळ्यात कुणी देऊ केली तर मात्र वांगी कुठली ते विचारा.

प्रश्न : भजी घरी नेईपर्यंत मऊ पडतात. शिवाय वर्तमानपत्रात बांधून देतात. – अनेक वाचक

वर्तमानपत्र नकोच. शाई गरम तेलात उतरते आणि खाद्यपदार्थ त्यात बांधायला मनाईच आहे. स्टीलचा डबा न्या, तळाशी कोरा कागद किंवा फडकं, झाकण अर्धं उघडं. भजी मऊ पडतात ती स्वतःच्याच वाफेने. गाडीवरच दोन मिनिटं चाळणीत ठेवून मग डब्यात भरा. चटणी आणि तळलेली मिरची वेगळी घ्या.

प्रश्न : बचत गटातल्या दोघी मिळून सकाळी पोह्यांची गाडी लावायची आहे. पाच किलो पोह्यांची किती प्लेट होतील? भाव किती ठेवावा? – एक वाचक, धुळे

ताई, हिशोब एका किलोचा मांडा, पाचाने नंतर गुणा. एक किलो जाड पोह्यांना तेल १५० मिली, कांदे ४०० ग्रॅम, शेंगदाणे १२५ ग्रॅम, मिरच्या ५० ग्रॅम, मीठ २८ ते ३० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, हळद, मोहरी, कढीपत्ता, कोथिंबीर, चार लिंबं आणि वरून २०० ग्रॅम शेव. शेव सोडून तयार पोहे दोन किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास होतात. दीडशे ग्रॅमची प्लेट धरली तर पंधरा प्लेटी.

गडबड पळीत होते. अंदाजाने वाढलं की दीडशेची प्लेट सहज एकशेऐंशीची होते आणि किलोला पंधराऐवजी बारा-तेराच निघतात. पाच किलोवर अकरा-बारा प्लेटी कमी पडतात, म्हणजे दिवसाचा जवळजवळ सगळा नफा. दीडशे ग्रॅम पोहे बरोबर मावतील अशी वाटी काट्यावर वजन करून ठरवा आणि दोघींनीही तीच वापरा.

भाव ठरवताना फक्त जिन्नस धरू नका. गॅस, प्लेट, कागद, पाण्याचे जार, जागेचं भाडं, उरलेला माल आणि दोघींची मजुरी लिहा. मजुरी न लिहिता काढलेला नफा हा तुमचाच पगार असतो. जिन्नसांचा खर्च विक्रीच्या चाळीस टक्क्यांच्या वर जात असेल तर भाव कमी आहे किंवा वाटी मोठी. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच घ्यायचा, घरचा १४.२ किलोचा चालत नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी फॉस्कॉस या पोर्टलवर होते, चौदा अंकी क्रमांक मिळतो, तो गाडीवर लावायचा.

आणि पाचही किलो एकदम भिजवू नका. दोन, दोन, एक असे तीन वेळा करा. शेवटचं पातेलं साडेनऊनंतर चढवायचं का, हे त्या दिवसाची गर्दी पाहून.

प्रश्न : उपवासाला साबुदाणा वडा घेतला तर तो भज्यांच्याच कढईत तळतात का? – एक आजी, पारोळा

आजी, कढईत तरंगणारा पिवळा चुरा बेसनाचा असतो. तो दिसला तर खिचडी घ्या, ती वेगळ्या पातेल्यात होते. मीठ कोणतं घातलंय ते तेवढं विचारून घ्या.